रंगीत कार्डाची एकुलती फ्लॉपी

नव्या रिमोटवरचं प्लास्टिक कोणी काढू देत नसलं ना, की मला आमचे बाबूराव आठवतात. ऐंशीच्या दशकात धरमपेठेत त्यांचं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस होतं आणि मी तिथे कामाला होतो. बाबूरावांनी जन्मभर पेन्सिलीने घरं काढली. त्यातलं एक तरी पडद्यावर रंगात पाहायचं, एवढीच त्यांची हौस. त्यासाठी नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात पडद्यावर रंग दाखवणारं ग्राफिक्स कार्ड बसवलं. ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मुंबईच्या कंपनीकडून फ्लॉपीवर आला.

मी फ्लॉपी घालायला गेलो तर त्यांनी माझा हातच धरला.

"थांब गा. पहिले जुन्या मशीनवर टाकून पाहू. नव्याले काही झालं तर?"

"पण बाबूराव, जुन्यात ते कार्डच नाही."

"नसू दे. बिघडलं त जुनं बिघडन."

जुन्यावर टाकला. काही बिघडलं नाही. बाबूराव खूश. मग तीच फ्लॉपी नव्यात घातली, तर पडद्यावर आलं की हा ड्रायव्हर एकाच मशीनवर टाकता येतो आणि तो टाकून झालेला आहे.

दुसरी फ्लॉपी मागायला मुंबईला फोन लावला, तोवर ती कंपनीच बंद पडली होती.

बाबूराव जाईपर्यंत त्यांना आपलं एकही घर रंगात दिसलं नाही. नव्या मशीनवरची धूळ मात्र रोज स्वतः पुसायचे. एकदा मी फारच हळहळलो, तर फडकं झटकत मलाच म्हणाले, "जाऊ दे ना गा. नव्याले त काही नाही झालं."