हरवलेली मुलगी, वय तीन

(समुद्रकिनाऱ्यावरची घोषणांची चौकी. हिवाळी सुट्ट्यांचा पहिला रविवार, दुपारचे तीन. बाहेर दाट धुकं. आत माईकपाशी घोषणा करणारी बाई. दारातून तिचा मामा, किनाऱ्यावरचा जुना जीवरक्षक, आत येतो.)

बाई: बरं झालं आलास, मामा. तीनदा पुकारलं, पण त्या मुलीचा पत्ता नाही. तुझी माणसं पाण्याकडे पाठव ना.

मामा: पाण्यात कुणी नाही. सकाळपासून लाल बावटा लावलाय. पण तू इथे कशी? तुला आज घरी थांब म्हटलं होतं ना?

बाई: सुट्टीचा रविवार, निम्मं शहर किनाऱ्यावर लोटलंय, आणि दुसरी बाई तापाने फणफणलीय. मग काय चौकीला कुलूप लावू? दरवर्षी पहिलं धुकं पडलं की तुझं आपलं एकच पालुपद, 'आज रजा टाक.'

मामा: कोणती मुलगी हरवलीय?

बाई: तीन वर्षांची. पिवळा स्वेटर, एका पायात मोजा नाही. हनुवटीखाली दोन टाक्यांची खूण. मी हसून म्हटलंसुद्धा, काळजी करू नका, मीही लहानपणी अशीच धडपडी होते... मामा? अरे, बस आधी. पांढराफटक पडलायस.

मामा: सांगायला कोण आलं होतं?

बाई: तिचे आईबाप. आलं होतं काय, तिथेच उभे आहेत, खिडकीशी. तरुण आहेत, माझ्याहून लहानच. एवढ्या गारठ्यात नखशिखांत ओले. तिला शोधायला पाण्यात शिरलो होतो म्हणाले. आत या म्हटलं तर येत नाहीत. दर दोन मिनिटांनी काचेवर टकटक, 'सापडली का?'

मामा: मला कुणी दिसत नाही.

बाई: काहीतरीच काय! हे काय, समोर तर...

मामा: टकटक ऐकू येते. दरवर्षी येते. दिसत मात्र कधीच नाहीत.

बाई: चेष्टा पुरे हं, मामा. अंगावर काटा आला माझ्या.

मामा: काच बघ. तू बोललीस की आतून वाफ धरते. त्यांच्या बाजूने धरते का?

बाई: ...नाही धरत.

मामा: आता स्वतःच्या हनुवटीला हात लाव, पोरी.

बाई: नाही लावणार. तू मला सांगितलं होतंस, आईबाबांची बस दरीत गेली. आई तुझी सख्खी बहीण होती म्हणालास.

मामा: मला बहीणच नाही.

बाई: मग तू माझा कोण?

मामा: एकतीस वर्षं झाली. असंच धुकं होतं. चौकीतली बाई जेवायला गेली होती, म्हणून मी बसलो होतो. कुणीतरी एक रडणारं लेकरू आणून दिलं. मी बिस्किट पुढे केलं, तर नाक ओढत म्हणालीस, 'मामा, अजून एक.' तेव्हापासून मी मामा.

बाई: आणि हे दोघं?

मामा: म्हटलं, पोर शांत होऊ दे, मग पुकारू. फार तर दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात त्यांना वाटलं, तू पाण्यात गेलीस. आधी तो शिरला, त्याच्यामागे ती. मी पुकारलं तेव्हा ऐकायला ते उरलेच नव्हते. मागून कुणी नातेवाईकही आलं नाही. तुला मी घरी नेलं.

बाई: एवढं पोटात ठेवलंस? माझ्यापासून?

मामा: काय सांगणार होतो? तुला शोधायला गेले न् परत आलेच नाहीत? जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. खायचं ते मी खाल्लं.

बाई: आणि दरवर्षी ते इथे येऊन विचारतात, आणि तू गप्प बसतोस.

मामा: भ्यायलो. कुठल्या तोंडाने सांगू, पोरगी माझ्याजवळच बसली होती म्हणून? ...ऐक, पुन्हा टकटक. चल, मागच्या दाराने निघ. तुला ओळखून हाताला धरून नेलं तर?

बाई: सोड, मामा.

मामा: अगं, माईक नको चालू करूस!

बाई: इकडे लक्ष द्या. पिवळ्या स्वेटरमधल्या मुलीच्या आईवडिलांनी इकडे लक्ष द्यावं. तुमची मुलगी सापडली आहे. सुखरूप आहे. चौकीत आहे, मामाजवळ. तिला पाण्यात शोधू नका. पुन्हा सांगते, पाण्यात शोधू नका.

मामा: ...काय झालं? बोल ना. गेले का?

बाई: बाबा खाली बसलेत, वाळूत. रडतायत वाटतं. आईने काचेला हात टेकलाय. एकटक बघतेय माझ्याकडे.

मामा: लांब हो तिथून.

बाई: थांब रे. काहीतरी विचारतेय... मामा, ती विचारतेय, 'जेवते का नीट?'

मामा: ...सांग तिला. आग्रह करावा लागतो म्हणावं.