भांडुपच्या मंडळीची दिशा

...आणि तुम्हाला सांगतो, मंडळी, म्हणजे तुम्ही नव्हे, तुम्ही बसा निवांत, मी चर्चच्या मंडळीबद्दल बोलतोय... तर आमच्या शेजारच्या जयवंतराव शिरसाठांना काय गरज होती हो, मुलुंडची मंडळी सोडून भांडुपच्या मंडळीत नाक खुपसायची? कारखान्यात ट्रेनिंग देणारा माणूस. पण भांडुपचे पाळकसाहेब, म्हणजे तिथले पाद्री, दारात येऊन म्हणाले, "जयवंतराव, तरुण पोरं म्हणतात सकाळची उपासना इंग्रजीत करा, म्हातारी म्हणतात मग आम्ही येत नाही. मंडळी फुटायला आलीय. आपण कोण, कुठं चाललोय, याचा जरा विचार करायला लावा त्यांना." झालं, गडी हुरळला.

रविवारी उपासना आटोपल्यावर यांनी फळ्यावर लिहिलं, 'आपण कोण?' वाटलं, सोपा प्रश्न आहे, चहा येईपर्यंत उरकेल.

दत्ताराम ओहोळ उठले. "आम्ही अमेरिकन मिशनचे." म्हणजे यांच्या आजोबांना अमेरिकन मिशनऱ्यांनी बाप्तिस्मा दिला, एवढंच. आता हा गृहस्थ नगर आणि भांडुप सोडून कुठं गेला नाही, पण अमेरिकन! तेवढ्यात पलीकडून, "आम्ही स्कॉच मिशनचे."

"अहो, पण मिशनं केव्हाच एक झाली ना?" जयवंतराव म्हणाले.

"झाली की. पण आम्ही स्कॉचच."

मग वनमालाबाई, मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, म्हणाल्या, "आम्ही नगरचे." त्यांची कॉलेजात जाणारी नात अनुपमा म्हणते, "आजी, मी भांडुपची आहे ना." कुणी म्हणालं, आपण ख्रिस्ती, विषय संपला. लगेच दुसरा, संपला कसा, पेटी-तबल्यावर गाणारे ख्रिस्ती, की ऑर्गनवर? फळा भरला. जयवंतरावांनी पुसला, परत लिहिलं, 'आपण कोण?' एव्हाना त्यांचं त्यांनाच कळेना, आपण इथे कोण.

शेवटी वनमालाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. "इंग्रजी उपासना करा तुम्ही. मी घरी बसते. माझी प्रार्थना मराठीतच होते, बाबा. दुसऱ्या भाषेत मला देवाशी भांडता येत नाही."

आणि इंग्रजीचा हट्ट धरणारी अनुपमा खाली मान घालून हळूच म्हणाली, "आजी, मला मराठी वाचता येत नाही. गायनाचं पुस्तक मी नुसतं हातात धरते. ओठ हलवते."

"इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून?"

"तुला वाईट वाटलं असतं ना."

मागच्या बाकावरची आणखी चार पोरं म्हणाली, आम्हालाही येत नाही. म्हातारी पोरीशेजारी बसली. तिनं पोरीचा हात धरला, आणि तुम्हाला सांगतो, अमेरिकन आणि स्कॉच दोघंही डोळे पुसत होते. जयवंतराव खडू घेऊन तसेच उभे. आता 'आपण कोण'च्या खाली लिहायचं तरी काय?

मग ठरलं. इंग्रजीचं नंतर बघू, आधी पोरांना वाचायला शिकवू. शिकवणार कोण? वनमालाबाई म्हणाल्या, "मला दिसत नाही." पाळकसाहेब म्हणाले, "मला वेळ नाही." आणि सगळे वळले त्या खडू धरलेल्या माणसाकडे.

घरी आल्यावर सुलक्षणावहिनींनी विचारलं, "काय हो, ठरली का मंडळीची दिशा?"

"मंडळीची अजून ठरायचीय," जयवंतराव चपला काढत म्हणाले. "माझी ठरली. दर रविवारी भांडुप."