अळंबी भाजीत धरायची का?

नाही, पण मला सांगा, बी.एस्सी. करून मी काय पाप केलं? घरचे माझ्याकडं असं बघतायत, जणू अण्णांच्या ताटात मीच विष वाढलं...

झालं काय, आमचा शशिधरकाका गेला गगनबावड्याला आणि येताना पिशवीभर रानातली अळंबी घेऊन आला. ओळखून कुणी दिली? कुणीच नाही! "पांढरीधोट हायत की गं, देवाच्या फुलासारखी!" पांढरं म्हणजे चांगलं, हे याला कुणी सांगितलं? मी पळत स्वयंपाकघरात, तर गौराआत्तीचा रस्सा उकळतोय. म्हटलं, "आत्ती, विषारी असली तर?"

"गप बस. जोडवं टाकलंय त्यात. इख असतं तर चांदी काळी पडली असती."

जोडवं! पायातलं! रश्श्यात! "आत्ती, चांदीवरून काही कळत नसतं!"

"मग तुमच्या कालेजात काय टाकून बघत्यात?"

तुम्हाला सांगते, ही मोठी माणसं मरणाला भीतच नाहीत. लिव्हर जातं म्हटलं, माणूस जातो म्हटलं, तरी ताटं ओढून बसली! मग माझं डोकं फिरलं. आम्ही लिंगायत, आमच्यात अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याबाहेर. म्हटलं, आता हेच हत्यार! आणि ओरडले, "अहो, ती भाजी नाहीच! सजीवांच्या सृष्टी दोन नसतात, पाच असतात! अळंबी कवकांच्या सृष्टीतली, आणि नातं काढलं तर झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची!"

आत्तीची पळी हवेत. काका हळूच म्हणाला, "म्हंजे... मटान?"

"मटण नाही काका, पाच असतात..."

"भाजी न्हाई न्हवं? मग मटानच की!"

ताटं सरकली! जिंकले की मी! आणि तेवढ्यात अण्णा, माझे वडील, मठाच्या उत्सव कमिटीचे अध्यक्ष, पिठासारखे पांढरे पडून म्हणाले, "मी मगाशीच वाटीभर खाल्ली. चव बघायला." आणि मोरीकडं पळाले. एक उलटी, दुसरी, तिसरी... रिक्षा केली, मंगळवार पेठेतल्या त्या गर्दीत मी रिक्षावाल्याच्या कानात किंचाळतेय, "पावणं, दाबा की जरा!"

दवाखान्यात डॉक्टर बसवराज. आमच्यातलेच, तिथंच घात झाला. "काय खाल्लंय?"

अण्णा म्हणाले, "आमटी-भात."

"अण्णा!"

"आमटी-भात म्हटलं की एकदा!" आणि माझ्या कानात, "मठात कळलं तर? मेलो तर शाकाहारी मरू दे."

आणि आत्ती? सख्खी बहीण! "व्हय डॉक्टर, आमटीच. मीच केलती."

अहो, माणूस हातचा चाललाय आणि यांना अब्रूची पडलीय! मी टेबलावर हात आपटला, "रानातली अळंबी! वाटीभर!" डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग त्यात लपवायचं काय? भाजीच की ती." अण्णांनी माझ्याकडं बोट केलं, "ही म्हणतीया, प्राणी हाय!"

सृष्टी पाच असतात हो... पण ते ऐकायला कुणाला वेळ होता? सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अळंबी वाईट असली तर मधे बरं वाटतं आणि मग लिव्हर धरतं. उद्यापर्यंत थांबू." उद्यापर्यंत! अण्णा आपले झोपलेत, मधेच हसतायत, आणि ते जितकं हसतील तितकी मी घाबरतेय, कारण बरं वाटणं हेच तर लक्षण! अण्णांच्या पायाचा अंगठा धरून बसले आणि पाचही सृष्टींना एकेक नवस बोलले. जिवाणूंनासुद्धा!

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "नशीब तुमचं, अळंबी चांगली निघाली. पुन्हा रानातलं काही आणू नका."

"मग उलट्या?"

"त्या ऐकून झाल्या."

म्हणजे बाधा झाली ती माझ्या बी.एस्सी.ची! आत्तीनं तर तिथंच कपाळावर हात मारला, "जोडवं काय खोटं बोलतंय व्हय?" घ्या!

आणि अण्णा? अण्णा वर बघत होते, सलाइनच्या बाटलीकडं, डोळे बारीक करून. "शांभवी, हे आत सोडलंय ते कुठल्या सृष्टीतलं गं?"

सृष्टी पाच असतात अण्णा, आणि सलाइन त्यांतल्या एकीतही... अगदी ओठांपर्यंत आलं होतं हो. पण हातात धरलेला त्यांच्या पायाचा अंगठा चांगला गरम लागत होता.

म्हटलं, "भाजीच हाय, अण्णा. पालेभाजी."