चाळीस सेकंद आणि एक कोल्हापुरी

नाही, पण मला सांगा, चाळीस सेकंद म्हणजे असतात किती? शिंक येणार म्हणून माणूस तोंड वर करून बसतो, त्यात निम्मे जातात! आणि आमच्या वैजयंती मॅडम म्हणतात, तुर्भ्याच्या आमच्या ऑफिसात आग लागली तर एकोणतीस माणसं चाळीस सेकंदांत बाहेर. कोण म्हणतं? तर कॉम्प्युटर म्हणतो.

तुम्हाला सांगतो, साल शहाऐंशी, कॉम्प्युटर म्हणजे देवघर. त्याच्यासाठी सगळ्या ऑफिसला एसी, चकचकीत फरशी आणि ऑफिसच्या दारावर पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. आत काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस. घाबरला की तो कुठे वळतो, दारात कोणाला ढकलतो, सगळं मॅडमनी मशीनला शिकवलेलं. त्यासाठी सहा महिने आम्हाला पॅसेजमधून चालवलं, हातात स्टॉपवॉच. म्हणे, नंदकिशोर, नेहमीसारखं चाला. अहो, असं म्हटलं की डावा पाय कुठला तेच आठवत नाही! मी दोनदा भिंतीला धडकलो, तेही मॅडमनी लिहून घेतलं. मग पडद्यावरही एक ठिपका अधूनमधून भिंतीला धडकायचा. तो मी.

हसू नका. मी मॅडमच्या हाताखाली टेम्पररी. बेलापूरचे आमचे मोठे साहेब, श्यामसुंदर साहेब, म्हणाले होते की शुक्रवारी आगीची ड्रिल घेऊ, आकडा जुळला तर नंदकिशोर पर्मनंट, नाही जुळला तर घरी. आणि घरी आमच्या सुनीतीला सातवा महिना! पर्मनंट होणार म्हणून तिने मला नवी कोल्हापुरी आणलेली, करकर वाजणारी.

गुरुवारी आमचा शिपाई गोटीराम, शिरवण्याचा, फडकं मारता मारता पडद्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, या मानसांच्या चपला कुठं हायत?"

मॅडम हसल्या. मीही हसलो... काय अक्कल माझी.

शुक्रवारी साहेब खाली गेटवर, हातात घड्याळ. सायरन अकराला वाजायचा. आणि अकराला दोन मिनिटं कमी असताना एसीतून धूर! खरा, काळा! कोणीतरी सायरन दाबला, साहेबांना वाटलं ड्रिलच सुरू झाली, त्यांनी घड्याळ सुरू केलं. मी म्हटलं बरं झालं, आता जीव मुठीत घेऊन पळतील, चाळीसचे तीस होतील. आणि पळाले हो, अगदी ठिपक्यांसारखे, सरळ दारापर्यंत... आणि थांबले.

चपला शोधायला.

मागे धूर आणि पुढे सगळं ऑफिस ओणवं! ही माझी नाही, ती अंगठा तुटलेली कोणाची, अहो माझ्यावर पाय नका देऊ. शेजारच्या टेबलावरच्या मधुकररावांना उजवी मिळाली, डावी मिळेना, खोकतायत, पण डावी सोडत नाहीत. मी मागून ओरडतोय, चाळीस सेकंद, अहो चाळीस सेकंद! ऐकतंय कोण? आणि सगळ्यांच्या पुढे, नेमकं दार अडवून, कोण बसलंय? मॅडम! माणूस कसा पळतो ते मशीनला शिकवणाऱ्या!

"एक मिनिट, नंदकिशोर, सँडलचं बक्कल अडकलंय."

एक मिनिट!

शेवटी गोटीराम आमच्यातून वाट काढत आत घुसला आणि त्याने मेन स्विच पाडला. तो कायम अनवाणी, त्याला शोधायचं काय होतं? धूर थांबला. मीही शेवटी अनवाणीच खाली उतरलो, सगळ्यांत शेवटी. साहेबांच्या घड्याळात चार मिनिटं दहा सेकंद. मी मान खाली घालून उभा. साहेबांनी माझ्या उघड्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ठिपक्यांना चपला घाला. आकडा जुळला की याचं बघू."

तेव्हापासून रोज पडद्यावर बघतोय. सायरन वाजतो, ठिपके पळतात, दारात ओणवे होतात, आपापली चप्पल घालतात, अठ्ठावीस बाहेर. एकोणतिसावा आपला दारातच गोल गोल फिरतोय, बाहेर पडतच नाही, आकडा काही येत नाही. तो मी. माझी नवी कोल्हापुरी त्या दिवशी कोणीतरी घालून गेलं ना... तेही मॅडमनी लिहून घेतलंय.