मधलं थंडच राहतं

भौतिकतज्ज्ञ : पुन्हा तेच. कडेला सगळं बरोबर आणि मध्यभागी बारा टक्के जास्त. तिसरी बरणी आहे ही, काका.

तंत्रज्ञ : बारा टक्के म्हणजे फार का, मॅडम?

भौतिकतज्ज्ञ : पेशंटच्या डोक्यात डोळ्याची नस त्या जागेपासून बोटभर लांब आहे. खरंच एवढे जास्त किरण पडत असतील, तर मी उपचाराच्या कागदावर सही कशी करू? दोन आठवडे झाले. किरणांचं यंत्र तीनदा तपासून घेतलं, त्या इंजिनिअरला नाही नाही ते बोलले. वैताग आलाय नुसता.

तंत्रज्ञ : आणि तिकडे वहिनी वाट बघतेय. काल म्हणाली, तुमची बरणी पास होईपर्यंत माझी गाठ थांबणार आहे का?

भौतिकतज्ज्ञ : बरणीचं त्यांना कुणी सांगितलं?

तंत्रज्ञ : मीच. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला, तिच्यापासून काय लपवू? म्हटलं, तुझ्या डोक्याऐवजी आधी जेलच्या बरणीवर किरण सोडतात. जिथे लागतात तिथे जेल पांढरं पडतं. मग आमचं एमआरआय बघून सांगतं, कुठे किती लागले.

भौतिकतज्ज्ञ : बरं सांगितलंत. उचला ती बरणी, पुढचा पेशंट दारात ताटकळलाय. आणि हे टेबलावर पाणी कसलं?

तंत्रज्ञ : कुठे? पुसतो ना.

भौतिकतज्ज्ञ : थांबा. बरणीला घाम फुटलाय. काका, ही गार कशी?

तंत्रज्ञ : आता बराच गारवा गेलाय की.

भौतिकतज्ज्ञ : कसला गारवा?

तंत्रज्ञ : फ्रीजचा. तुम्ही संध्याकाळी ठेवून गेलात की मी बरणी आतल्या फ्रीजमध्ये ठेवतो. सकाळी तुम्ही यायच्या आत काढतो, पुसून जागेवर.

भौतिकतज्ज्ञ : तिन्ही वेळा?

तंत्रज्ञ : तिन्ही वेळा. जिलेटिनचं आहे म्हणालात ना तुम्ही? वहिनी म्हणाली, मग बाहेर ठेवू नकोस बाबा, नासेल. तिच्या जिवाचा प्रश्न, मी हयगय करीन होय?

भौतिकतज्ज्ञ : आणि या छोट्या नळ्या? ज्यांना मोजूनमापून किरण दिलेत, ज्यांच्याशी मी बरणी ताडून बघते?

तंत्रज्ञ : त्या इथेच असतात. त्यांचं काय एवढं? वहिनीची ती बरणी.

भौतिकतज्ज्ञ : काका, फ्रीजमधून भरलेलं पातेलं बाहेर काढलं, तर आधी कोमट काय होतं?

तंत्रज्ञ : कडेचं. मधलं थंडच राहतं.

भौतिकतज्ज्ञ : आणि थंड जेल एमआरआयला जास्त किरण लागल्यासारखं दिसतं. त्या यंत्रात काही खोट नसणार. मी उगाच त्या इंजिनिअरच्या मागे हात धुऊन लागले होते.

तंत्रज्ञ : (खुर्चीत बसत) म्हणजे दोन आठवडे माझ्यामुळे गेले तिचे.

भौतिकतज्ज्ञ : एका शब्दाने बोलायचं होतंत.

तंत्रज्ञ : तुम्ही विचारलंत कधी? साऱ्या दवाखान्याला विचारून झालं तुमचं. मी इथेच उभा होतो.

भौतिकतज्ज्ञ : नाही विचारलं. चिठ्ठी चिकटवली, उघडू नका, उजेडात ठेवू नका. फ्रीजचं लिहिलं नाही. वाटलं, ठाऊकच असेल.

तंत्रज्ञ : मग आता ते बारा टक्के वजा करा आणि सही करून टाका. हात जोडतो.

भौतिकतज्ज्ञ : अंदाजावर सही नाही. तुमची वहिनी आहे म्हणून तर नाहीच नाही. उद्या सकाळपर्यंत बरणी आणि नळ्या याच खोलीत, शेजारीशेजारी. मग पुन्हा मोजू. जुळलं तर सोमवारी उपचार सुरू.

तंत्रज्ञ : आणि तिला काय सांगू? फ्रीजचं तिनेच सुचवलेलं. कळलं तर फार लावून घेईल मनाला.

भौतिकतज्ज्ञ : सांगा, मॅडमचं चिठ्ठीत लिहायचं राहिलं. खोटं नाही ते.

तंत्रज्ञ : बरं. जाताना फ्रीजची किल्ली तेवढी घेऊन जा.

भौतिकतज्ज्ञ : आता कशाला?

तंत्रज्ञ : मघाशी तिचा फोन आला होता. म्हणाली, आज फार उकडतंय, बरणीकडे लक्ष ठेव.