मिस्त्रीभाऊंच्या नळीचं दुसरं टोक

रजियाभाभी, कॉलनीच्या वरच्या ओळीतले, खालच्या ओळीतले सगळे, आणि छत्र्या धरून बाहेर उभे आहात ते तुम्ही. आत या. सतरंजी ओली झाली तरी चालेल.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेची भांडी धुते, मोजमापं मांडून ठेवते. बोलायचं काम शिक्षकांचं. पाच वर्षं मी शब्बीर मिस्त्रींच्या शेजारी राहिले. तिथेही बोलायचं काम त्यांचंच होतं. आज लिहून आणलं आहे, कारण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही.

मिस्त्रीभाऊ गेल्या शुक्रवारी गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. टेबलावर त्यांचा फोटो नाही. भाभी नको म्हणाल्या. त्यांनी ही नळी दिली. गवंडी लेव्हल बघतात ती. आत पाणी भरायचं, दोन टोकं दोन माणसांनी धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. एकट्या माणसाचं हे काम नाही.

आमची ओळख भांडणानं झाली. मी स्कूटी चढवायला घरासमोरच्या नालीवर सिमेंटचा उतार केला होता. मिस्त्रीभाऊ येऊन उभे राहिले.

“बाई, हे काय करून ठेवलं?”

“उतार.”

“अन् नाली कुठी गेली?”

“खाली आहे.”

“खाली तं मी बी जाईन एक दिवस. पाण्यानं कुठी जायचं ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन त्यांनी तो उतार फोडला आणि लोखंडी जाळी बसवून दिली. मी रागानं चार दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही. मी एरवीही बोलत नव्हते.

इथे आधी धानाच्या बांध्या होत्या, हे तुम्हाला माहीत आहे. कंपनीनं लेआउट पाडला तेव्हा त्यांच्या नकाशात नाल्या रस्त्याच्या कडेनं सरळ पुढच्या गेटकडे दाखवल्या. मिस्त्रीभाऊंनी राइस मिलमधून कोंड्याचं पोतं आणलं. भर पावसात वरच्या ओळीपाशी तो कोंडा पाण्यात सोडला आणि त्याच्या मागे चालत निघाले. हातात खुंट्या. कोंडा जाईल तिथे एक खुंटी. आपण सगळे खिडकीतून बघत होतो. हसतही होतो. मीही हसले. कोंडा गेटकडे गेलाच नाही. प्लॉट आडवे कापत खालच्या ओळीत आला आणि मागच्या नाल्याला लागला. कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, “नकाशात असं नाही.” मिस्त्रीभाऊ म्हणाले, “साहेब, तुमचा नकाशा भिजला का कधी? मी भिजूनच राह्यलो.”

मग त्यांनी काय केलं? स्वतःच्या प्लॉटमधून पाच फुटांची पट्टी पाण्याला सोडली. तिथे नाली बांधली. घर अरुंद झालं. भाभींच्या स्वयंपाकघरात दोन माणसं वळू शकत नाहीत. मी एकदा विचारलं, “भाभी, राग नाही आला?” त्या म्हणाल्या, “बहुत आला. पण यांच्याशी भांडाले गेलं का हे ते नळी हाती देत. धर म्हणत.”

माझ्याही हातात दिली. नाली पुरी होईपर्यंत रोज संध्याकाळी मी एक टोक धरायची.

“बाई, हात खाली काऊन घेता?”

“दुखतो.”

“पाण्याचा नाई दुखत.”

यंदा मागच्या बाजूला नव्या घरांसाठी कंपनीनं भिंत घातली. सरळ, बंद भिंत. मिस्त्रीभाऊ सात वेळा नगरपालिकेत गेले. सातव्या खेपेला भिंतीत नालीचं तोंड ठेवायची परवानगी घेऊन आले, आणि ते तोंड त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं. त्यांचं शेवटचं बांधकाम ते.

मंगळवारी शाळेतून येताना मी पाहिलं. त्या तोंडात मुरूम टाकलेला होता. ठासून.

माणूस शुक्रवारी मातीत गेला. मंगळवारी त्यानं ठेवलेल्या वाटेवर मुरूम पडला. इतकी घाई होती? काल भाभींच्या मागच्या पायरीवर पाणी चढलं. भेटायला आलेले पाहुणे चपला मांडीवर घेऊन बसले होते. हे तुम्ही पाहिलं ना? आज एक पायरी. उद्या खालची सगळी ओळ.

कोणाला वाटलं असेल, मिस्त्री गेला, आता इथे विचारणारं कोण उरलं? मी उरले. मी हळू बोलते, पण मी विचारते. मुरूम कोणी टाकला? कोणाला विचारून टाकला? मिस्त्रीभाऊंनी आणलेला परवानगीचा कागद माझ्याकडे आहे. त्याची प्रत उद्या सकाळी नगरपालिकेत जाईल, सोबत अर्ज. मी सही केली आहे. तुम्हीही कराल. आणि ज्यांनी ज्यांनी नालीवर उतार केले आहेत, त्यांनी ते फोडायचे. माझा फोडला, तुमचेही फुटतील.

कंपनीचे साहेब समोर बसले आहेत. आले, बरं वाटलं. फोटो नाही म्हणून हार त्यांच्याच मांडीवर राहिला आहे. बाहेर ते मला म्हणाले, “मॅडम, काळजी करू नका, पाणी गेटकडून जाईल.”

आता उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मला ते जमतं, तुम्हालाही जमेल. मनात एवढंच म्हणा, मिस्त्रीभाऊ, सलाम.

त्यानंतर घरी जायचं नाही. भिंतीपाशी फावडी ठेवली आहेत. पण फावडं नंतर. मिस्त्रीभाऊ अंदाजानं काम करत नसत, आधी लेव्हल बघत. गेटपासून सुरू करू आणि टप्प्याटप्प्यानं भिंतीपर्यंत जाऊ. सगळ्यांसमोर. गेटची जमीन उंच की भिंतीची, ते पाणीच सांगेल. एक टोक मी धरते.

साहेब, हार खाली ठेवा. दुसरं टोक तुम्ही धरा.