सर्नोव्होचा मासा आणि आपली तीन खाती

अध्यक्षस्थानी असलेल्या सन्माननीय वेलिच्काबाई, आरोग्य आणि बालसंरक्षण खात्यांचे साहेब, शिक्षण खात्याचे निरीक्षक श्रीयुत लाचेझार, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

आरोग्य खात्याच्या परिचारिका रुमेना बदलीवर सोफियाला निघाल्या, म्हणून हा निरोपाचा कार्यक्रम. सगळे त्यांना रुमेनाताई म्हणतात. मी बालसंरक्षण खात्याचा साधा ड्रायव्हर, पण माझ्या तोंडून ते ‘ताई’ काही निघत नाही.

तीन खाती, एका लेकराच्या भल्यासाठी! ऐकायला किती गोड! पण सर्नोव्हो गावच्या चिमुकल्या बिल्यानाचं काय चाललं होतं? आईबाप परदेशी कामाला, पोर निकोला आजोबांपाशी. आमचं खातं म्हणे, म्हातारा थकलाय, पोर बालगृहात न्या. आरोग्य म्हणे, ठणठणीत आहे, राहू द्या. शिक्षण म्हणे, आधी बालवाडीत घाला. एकत्र बसायचं, तर कुणाच्या कचेरीत? जो पायरी चढेल तो लहान ना!

तेवढ्यात संत निकोलाचा दिवस आला, म्हणजे आजोबांचा नामदिवस, त्यांच्या नावाच्या संताचा सण. त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी मासा शिजतो, आमंत्रण नसतं आणि आलेल्याला कुणी परतवत नाही. रुमेनानं तिघांच्याही कानात वेगवेगळं सांगितलं, “बाकीच्यांना पत्ता नाही हं, तुम्हीच आधी गाठा.” झालं! तिन्ही गाड्या एकाच अंगणात! आजोबा म्हणाले, “या, या! मासा मोठा आहे. भांडण तेवढं बुटांपाशी ठेवा.”

बिल्याना थेट आमच्या साहेबांच्या मांडीवर. “काका, काटे काढून द्या ना!” काटे काढता काढता साहेब म्हणाले, “राहू दे पोर इथंच.” बाकी दोघांनी तोंडातल्या घासासकट होकार दिला.

आणि वर्तमानपत्रात फोटो कुणाचा? लाचेझारसाहेबांचा! परतताना रुमेनाही त्यांच्याच गाडीत. अख्खा घाट मी मागून त्या दोघांची हलती डोकी बघत उतरलो. आता लाचेझारसाहेबांचीही बदली सोफियालाच. काय हा योगायोग! वाजवा टाळ्या!

आमच्या खात्याचे साहेब, डोळे वटारू नका, सांगूनच टाकतो. आमच्या खात्यात परिचारिकेची जागा निघाली आहे. आरोग्यवाल्यांना कळू नये म्हणून दाबून ठेवलीय. रुमेना, ती जागा घ्या. जाऊ नका.

मागच्या रांगेतून काय म्हणालात, वांगाकाकू? “मेल्या, सरळ लग्नाचंच विचार की!”

तेच विचारतोय, काकू.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ घसरली असेल तर पोटात घाला. लाचेझारसाहेबांनी नाही घातलं तरी चालेल. माइक आता रुमेनाकडे देतो. रुमेना, जरा सांभाळून घ्या.